जमादार चौथीत बसले

“पोरगं वाचतंय लई, पण डोक्यात ऱ्हात न्हाई.” हे वाक्य मी नोकरीभर ऐकत आलो. ते सांगणारा बाप कधी रिकाम्या हाताने येत नसे. कोणी बदामांची पुरचुंडी आणी, कोणी ताईत. एकाने कपिलधारच्या धबधब्याचं पाणी तांब्यात भरून, वर फडकं बांधून आणलं आणि हे पोराला पाजू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, पाजा, तहान लागली असेल तर उपयोग होईल. ते पोरगं नापास झालं. बाप म्हणाला, पाणी वाटेत हिंदकळलं असावं.

सिरसाळ्याच्या बाजूला एक देशमुख होते. त्यांनी मुलाच्या अभ्यासासाठी गडीच ठेवला. गड्याने मुलाशेजारी बसायचं आणि मुलगा पाढे म्हणता म्हणता थांबला की त्याचा कान पिळायचा. वर्षाच्या शेवटी गड्याला तिसापर्यंत पाढे येऊ लागले.

या अंकाच्या संपादकांनी ‘अभ्यास कसा करावा’ यावर लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी उपदेश लिहायला बसलो. तो अर्ध्या पानात संपला. शिवाय वाचून पाहिल्यावर लक्षात आलं की त्यातलं माझं स्वतःचं फारसं काही नाही, ते सगळं एका पोलीस जमादाराकडून आलेलं आहे. म्हणून उपदेश बाजूला ठेवून त्या जमादाराचीच हकीकत सांगतो.

गाव तलवाड्यापासून फार लांब नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथले लोक अजून आहेत आणि दिवाळी अंक वाचतात. निजामाचं राज्य होतं. आमच्या मुलुखात घरी मराठी, बाजारात दखनी आणि शाळेत उर्दू अशी वाटणी होती. खालच्या इयत्तांत मराठीवर भागायचं, पण पोरगं जरा वर सरकलं की हिशेब, भूगोल सगळं उर्दूतून. मास्तरला मुदर्रिस म्हणत, परीक्षेला इम्तिहान, आणि शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला मोहतमीम. हे झालं कागदावर. गावातले लोक मला मास्तरच म्हणत आणि मोहतमीमसाहेबांना लांबून बघत.

शिकवायची पद्धत एकच होती. मी एक ओळ म्हणायची, पोरांनी ती बेंबीच्या देठापासून ओरडून म्हणायची, आणि पाठ होईपर्यंत हे चालू ठेवायचं. मास्तरची किंमत गावाने आवाजावर ठरवलेली होती. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना शाळा ऐकू गेली तर मास्तर चांगला. एकदा माझा घसा बसला आणि वर्ग जरा हळू चालला, तर पाटलांनी लगेच माणूस धाडला. “मास्तर दुखणाईत हायेत का गावाला गेलेत, बघून ये म्हनले.”

माझा सगळ्यांत हुशार विद्यार्थी म्हणजे तेल्याचा नामदेव. उर्दूचं पुस्तक त्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ होतं. एकदा त्याने एक अख्खा धडा घडाघडा वाचून दाखवला आणि संपल्यावर माझ्या लक्षात आलं की पुस्तक त्याने उलटं धरलं होतं. मी ते सुलटं करून दिलं आणि त्याची पाठ थोपटली. मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

अशा दिवसांत युसूफखान जमादारांनी मला चौकीत बोलावलं.

युसूफखान गावच्या पोलीस चौकीचे मुख्य. हाताखाली दोन-तीन जवान आणि लिहिण्यासाठी एक मोहरीर, म्हणजे कारकून. माणूस उंच, छाती भरदार, मिशा अशा की दाराआडून त्या आधी दिसायच्या. ते नुसते खाकरले तरी बाजारातली भांडणं मिटत. चौकीचं बोलावणं आल्यावर कोणीही माणूस चालता चालता आपल्या आयुष्याची उजळणी करतो, तशी मीही केली. पोचेपर्यंत दोन-तीन गोष्टी आठवल्याही.

जमादारांनी जवानाला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि म्हणाले, “मास्तर, मला लिवता-वाचता येत न्हाई.”

मी म्हटलं, “बरं.”

“बरं काय? लहानपणी मशिदीत अलिफ-बे शिकलो, अक्षरं वळखतो. पण कागद वाचता येत न्हाई. रिपोर्ट मोहरीर लिवतो, मी खाली सही करतो. आता तालुक्याला नवे अमीनसाहेब, म्हंजे फौजदार, आलेत. ते म्हनतात, ज्या जमादाराला आपला रिपोर्ट आपल्या हातानं लिवता येत न्हाई, त्यानं उन्हाळ्यात चौथीचा इम्तिहान द्यावा. न्हाई जमला तर पट्टा उतरंल. साधा शिपाई करून तेलंगणात धाडतील.”

“तेलंगणात कावून?”

“तिकडं कमी हायेत म्हनून.” मग म्हणाले, “बीडात माझी म्हातारी आई हाय, भावाजवळ. भाऊ फळं विकतो. दर महिन्याला घोड्यावर जाऊन तिला बघून येतो. तिला दिसत न्हाई आता. मी गेलो की ती माझ्या मिशीला हात लावती, मंग तिला पटतं.”

ते हे सांगत असताना भिंतीकडे बघत होते. मी भिंतीकडे बघून हो म्हणालो.

शिकवणी चौकीतच सुरू झाली, पहाटे, गावाला कळू नये म्हणून. गावाला दुसऱ्या दिवशीच कळलं. पण अडचण ती नव्हती. अडचण अशी की मी जे सांगे त्यावर जमादार मान डोलवत आणि म्हणत, “समजलं.” दुसऱ्या दिवशी तेच विचारलं की पाटी कोरी. मी पुन्हा सांगे. ते पुन्हा म्हणत, “समजलं.” बाहेरचं लिहिता-वाचता येत नसलेलं सगळं गाव त्यांना घाबरत होतं, आणि ते भागाकाराला घाबरत होते. पावसाळा असा गेला. दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी त्यांनी पुस्तक मिटलं.

“मास्तर, हे हितं व्हनार न्हाई. मी शाळेत येतो.”

“शाळेत? पोरांमधी?”

“हां. हितं मी जमादार हाय. जमादाराला ‘समजलं न्हाई’ असं म्हनता येत न्हाई. तिथं म्हनता येईल.”

मी त्यांना पुष्कळ सांगून पाहिलं. गाव हसेल म्हटलं. ते म्हणाले, “तेलंगणात कोण हसणार न्हाई. पण मला हितं ऱ्हायचंय.”

दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आधी जमादार शाळेत हजर. पट्टा आणि साफा चौकीत ठेवून आले होते, अंगात साधा सदरा, हातात लाकडी तख्ती आणि बोरू. पोरांनी उभं राहून सलाम केला. जमादारांनीही सवयीने सलाम केला. मग कोणी आधी बसायचं ते कोणालाच ठरवता येईना. शेवटी मी सगळ्यांना एकदम बसायला सांगितलं. जमादार मागच्या तरटावर नामदेवच्या शेजारी बसले. बसल्यावरही ते नामदेवपेक्षा उंचच होते.

त्या दिवशी वर्गातून आवाज म्हणून निघाला नाही. पोलिसासमोर ओरडायची कोणाची छाती होणार? दुपारी पाटलांचा माणूस आला. “मास्तर हायेत का?”

“हाय की.”

“मंग ठीक. नदीवर बायका काय काय बोलायल्यात.”

माझ्या वर्गाचा एक नियम होता. ज्याला पाढा येत नाही त्याने उभं राहायचं, आणि शेवटी छडी. पाढे सुरू झाले. जमादारांची पाळी आली, ते अडले आणि आपणहून उभे राहिले. डोकं आढ्याला टेकायचं तेवढं बाकी. शेवटी त्यांनी हात पुढे केला. माझ्या हातात छडी होती. सरकारी नोकराच्या अंगावर छडी उगारणं कोणत्या कलमात बसतं हे मला माहीत नव्हतं, आणि गावात ते माहीत असलेला एकच माणूस माझ्यासमोर हात पसरून उभा होता. मी छडी कोनाड्यात ठेवली. एकाला नाही तर कोणालाच नाही, म्हणून ती वर्षभर कोनाड्यातच राहिली.

खरा गोंधळ उर्दूच्या तासाला सुरू झाला. नामदेव एक धडा म्हणत होता. धड्यात एका नोकराच्या हातून मालकाचा घडा फुटतो आणि ‘नौकर को बड़ी नदामत हुई’ असं वाक्य येतं. जमादारांनी हात वर केला.

“नामदेव, नदामत म्हंजे काय?”

नामदेव म्हणाला, “पुढं म्हनू का?”

“पुढं नको. नदामत.”

“धडा अकरावा,” नामदेव म्हणाला.

मी मध्ये पडलो. “नदामत म्हणजे पश्चात्ताप.”

जमादारांनी डोकं हलवलं. “मास्तर, समजलं न्हाई. पश्चात्ताप म्हंजे?”

‘समजलं नाही’ हे शब्द माझ्या वर्गात त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले. मी पोरांकडे पाहिलं. त्यांनाही पश्चात्ताप माहीत नव्हता. मी समजावायला लागलो, पण माझं नीट जुळेना. जमादार ऐकत होते. मग म्हणाले, “असं बघा. बकरी चोरताना मानूस धरला, तर तो माझ्याकडं बघत न्हाई, बकरीकडंबी बघत न्हाई. जमिनीकडं बघतो. पश्चात्ताप म्हंजे ते का?”

“तेच.”

“मंग असं सांगा की.”

वर्ग हसला. जमादारही हसले. पण शाळा सुटल्यावर नामदेव रेंगाळला. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “मास्तर, मला समदं पाठ हाय. पन मला काय येतं ते कळंना.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हुशार पोराला अशी शंका येणं फार वाईट. मी म्हटलं, उद्या जमादारांना विचार.

त्याने खरंच विचारलं. मग त्या दोघांचं एक ठरून गेलं. नामदेवला अक्षरं यायची, जमादारांना बोलीतले अर्थ. नामदेव एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचा आणि त्यात काय झालं ते जमादारांना मराठीत सांगायचा. जमादार मध्ये मध्ये अडवायचे. “कावून? त्यानं तसं कावून केलं?” नामदेवला सांगता आलं नाही तर पुस्तक पुन्हा उघडायचं. मग जमादारांनी सांगायचं आणि नामदेवने अडवायचं. जमादारांचे अर्थ सगळे चौकीतून आलेले असत. ‘दियानतदार’ म्हणजे सापडलेली वस्तू परत आणून देणारा. “नोकरीत असा एकच बघितला,” ते म्हणाले, “अन् तोबी पुढं बिघडला.” काही अर्थ चुकीचेही असत, ते मी दुरुस्त करी. पण पोरांना चुकीचासुद्धा अर्थ असू शकतो हेच नवीन होतं.

हळूहळू बाकीची पोरंही जोड्या करून बसू लागली. जमादार समोर आहेत याची भीती सरली, ‘जमादारसाब’ जाऊन ‘चाचा’ आलं. “समजलं न्हाई” म्हणायची साथच आली. एवढा मोठा माणूस म्हणतो, मग आपण का लाजायचं! मला एकेका गोष्टीचं उत्तर शोधायला घरी पुस्तकं उघडावी लागू लागली.

जमादारांची आणखी एक रीत होती. आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. गुरुवारी ते नवीन काही वाचत नसत. मागचे धडे पहिल्यापासून काढायचे, पुस्तक मिटून सांगायचे, जिथे अडेल तिथे खूण करायची. नामदेवला हे फुकटचं काम वाटे. तो म्हणाला, “चाचा, झालेलं परत कावून?”

जमादार म्हणाले, “काल ज्या गल्लीतनं गस्त घातली ती आज सोडली, तर चोर तिथूनच येतो.”

पोरांना हे पटलं. गुरुवारला वर्गात गस्त म्हणू लागले. मी आपला खुर्चीत बसून एका जोडीकडून दुसऱ्या जोडीकडे बघत असे. मास्तर असून मला ओरडावं लागत नव्हतं. सुरुवातीला तर काम चुकवल्यासारखं वाटे.

थंडीत मोहतमीमसाहेब आले. वर्दी न देता आले, तो त्यांचा रिवाज होता. घोड्यावरून उतरून ते दारात उभे राहिले तेव्हा वर्गात जोड्या बसल्या होत्या आणि सगळेजण एकमेकांशी बोलत होते. कोण अडवत होतं, कोण पुस्तक शोधत होतं, एक पोरगं तर नोकर कसा जमिनीकडे बघतो ते करून दाखवत होतं. साहेबांनी विचारलं, “मुदर्रिस कुठं आहेत?” मी खुर्चीतून उठून म्हटलं, “मीच.”

त्यांनी एका मुलाला उभं करून आठवा धडा म्हणायला सांगितला. मुलाने अर्धा म्हटला आणि थांबला. “पुढचं आठवत न्हाई. पन काय झालं ते सांगतो.” साहेब म्हणाले, काय झालं ते मला माहीत आहे. दुसरा मुलगाही तसाच निघाला. मग साहेबांची नजर मागे गेली.

“हा कोण?”

जमादार टाचा जुळवून उभे राहिले. “हाजिर, जनाब.”

“शिपाई आहेस?”

“जमादार. हितं चौथीत हाय.”

साहेबांनी पटावर बोट फिरवलं. वाढलेल्या वयाचा माणूस पोरांच्या शाळेत बसू शकत नाही असा कायदा होता आणि साहेबांचंही त्यात चूक नव्हतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “ह्याला आजच काढा. इम्तिहान तो बाहेरून देऊ शकतो. आणि वर्गात पाठांतर दिसलं पाहिजे. पुढच्या खेपेला असा बाजार दिसला तर तुमच्याबद्दल वर लिहावं लागेल.”

मला काही सांगावं लागलं नाही. जमादारांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी तख्ती उचलली, बोरू कानामागे खोचला. दारापर्यंत जाऊन वळले आणि पोरांना सलाम केला. या वेळी पोरांपैकी कोणाला उठून सलाम करायचं सुचलं नाही. सगळी जमिनीकडे बघत बसली. दारातून वाकून बाहेर पडणारी ती रुंद पाठ मला पुढे बरेच दिवस दिसत राहिली. इम्तिहान उन्हाळ्यात होता आणि भागाकार अजून कच्चा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी पाठांतर सुरू केलं. नदीवरच्या बायकांना बरं वाटलं. पण दुपारच्या सुट्टीत बघतो तर नामदेव जागेवर नाही. तिसऱ्या दिवशी आणखी दोघे नाहीत. चौकशी केली तर पोरं भाकरी हातात घेऊन चौकीत जात होती.

गावात ही बातमी अशी पोचली की मास्तरची पोरं रोज चौकीत नेतात. कोणाच्या पोराने काय केलं याच्या चर्चा सुरू झाल्या. एका दुपारी नामदेवची आई गिरजाबाई रडत माझ्या घरी आली. “मास्तर, माझ्या नाम्याला पोलिसानं धरलंय. चला तुमी.” मी तिला समजावत समजावत चौकीकडे निघालो. ती पुढे पळत होती. चौकीच्या दाराशी पोचलो आणि आतून नामदेवचा चढलेला आवाज आला. “तुमी परत सोडलाव! असा चोर सोडत्यात का?”

गिरजाबाईंनी दारातच बसकण मारली.

आत काय चाललं होतं ते मला कळलं होतं, पण तिला सांगायला उशीर झाला होता. ती उठून आत घुसली. जमादार चौकीतल्या तरटावर मांडी घालून बसले होते, समोर तख्ती होती आणि नामदेव कमरेवर हात ठेवून उभा होता.

“कावून रं नाम्या, काय केलंस तू?”

“मी काय करतो? चाचा हातचा सोडायलेत, हातातला चोर सोडावा तसा. वजाबाकी करत्यात अन् हातचा घ्यायचं इसरत्यात.”

गिरजाबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग जमादारांकडे. जमादारांनी मान खाली घातली होती. “ह्यो तुमाला रागं भरतो?” तिने विचारलं.

“रोज भरतो, बाई.”

तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, “भरू द्या. घरात कुनाला भरता येत न्हाई त्याला.” आणि दुसऱ्या दिवसापासून नामदेवच्या भाकरीबरोबर जमादारांनाही शेंगदाण्याची चटणी येऊ लागली.

पुढचे महिने दुपारची चौथी चौकीसमोरच्या कडुलिंबाखाली भरली. सकाळी शाळेत पाठांतर, दुपारी लिंबाखाली अर्थ. मीही सुट्टीत तिथे जाऊन बसू लागलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी जा म्हटलं नाही. कोठडीत त्या दिवसांत खरोखरचा एक बकरीचोर होता. गुन्हा मान्य करायला तयार नव्हता. रोज दुपारी पावकी-निमकी ऐकून ऐकून एक दिवस त्याने कबुली दिली आणि मला ताबडतोब तालुक्याला पाठवा म्हणाला. जमादारांनी तो रिपोर्ट स्वतःच्या हाताने लिहिला. पहिलाच होता. पुष्कळ चुका होत्या, पण बकरी ज्याची त्याला मिळाली.

इम्तिहान तालुक्याच्या गावी होता. दोन बैलगाड्या करून आम्ही निघालो. तलवाड्याला बैल सोडले, झाडाखाली भाकरी खाल्ल्या. पोरं गाडीत घोकत होती. जमादार मागे पडणाऱ्या रस्त्याकडे बघत होते. मी विचारलं, “काय आठवताय?”

“काई न्हाई. आई म्हनली, इम्तिहान झाला की सरळ हिकडं ये. काय झालं ते तुझ्या चालीवरून कळंल.”

तोंडी परीक्षा घ्यायला तेच मोहतमीमसाहेब बसले होते. त्यांनी जमादारांना ओळखलं. मी दाराशी उभा होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“आठवा धडा तोंडपाठ म्हणा,” साहेब म्हणाले.

“जनाब, तोंडपाठ न्हाई. त्यात काय हाय ते सांगतो.”

“आणि मी शब्दच मागितले तर?”

“शब्द पुस्तकात हायेत, जनाब. पुस्तक तुमच्या हातात हाय.”

मला वाटलं, पट्टा उतरला. साहेबांनी पुस्तक मिटलं आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. “एका शेतकऱ्याचा बैल हरवला आहे. रिपोर्ट लिहा.” जमादारांनी बोरू शाईत बुडवला. वाकून, ओठ हलवत, एकेक अक्षर करत लिहिलं. घामाचा एक थेंब कागदावर पडला तो सदऱ्याने टिपला. साहेबांनी वाचलं. बैलाचा रंग, शिंगं, कोणत्या वाटेने गेला, शेवटी कोणी पाहिला, सगळं होतं.

“बैल सापडला का?” साहेबांनी विचारलं.

“इम्तिहानात न्हाई सापडला, जनाब.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी पुढच्याला बोलावलं. संध्याकाळी मात्र मला बोलावून म्हणाले, “तुमच्या पोरांचं पाठांतर कमी आहे. पण काही विचारलं तर आधी थांबतात, मग सांगतात. हे शेऱ्यात कसं लिहायचं ते मला कळत नाही.” आणि त्यांनी ते लिहिलं नाही.

निकाल लागला. नामदेव चांगल्या नंबराने आला, लिंबाखाली बसणारी बाकीची पोरंही पास झाली. पाटलांचा पुतण्या तेवढा राहिला. तो कधी चौकीत आला नव्हता आणि त्याला सगळं तोंडपाठ होतं. जमादार पास झाले, हिशेबात काठावर. पोरांनी त्यांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

पंधरवड्यातच हुकूम आला. तो त्यांनी मला स्वतः वाचून दाखवला, कुठेही न अडता. युसूफखान यांना जमादारीवर कायम करण्यात आलं आहे, आणि लिहिता-वाचता येणाऱ्या जमादारांची तिकडे गरज असल्यामुळे त्यांची नेमणूक तेलंगणात करण्यात येत आहे.

हुकुमाची घडी घालत ते म्हणाले, “नापास झालो असतो तर शिपाई म्हनून तेलंगणात. पास झालो तर जमादार म्हनून तेलंगणात. आधी कळलं असतं तर भागाकार सोडून दिला असता.”

बीडला जाऊन आईला भेटून आले. मी विचारलं, “आई काय म्हणाल्या?”

“म्हनली, हुशार झालास, आता लोक बोलावनारच. नापास पोरंच घरी ऱ्हातेत.” मग लिंबाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले. “मंग रडली. लई येळ मिशीवरनं हात काढंना.”

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक काम केलं. नामदेवच्या बापाने, बस झालं शिक्षण, आता घाण्यावर बस, असं ठरवलं होतं. जमादार साफा-पट्टा चढवून, पूर्ण वर्दीत त्यांच्या दारात गेले, पाणी मागितलं, ओट्यावर बसून सावकाश प्यायले. बाप मला नंतर सांगत होता, “काई बोलले न्हाईत हो. नाम्या बीडच्या शाळेत कधी जाणार, एवढंच इचारलं. जाणार का म्हनून इचारलंच न्हाई.” नामदेव बीडला गेला. तिथे तो दर शुक्रवारी जमादारांच्या फळवाल्या भावाच्या घरी जाऊन त्या म्हातारीजवळ बसे, आणि युसूफखानांचं पत्र आलं की वाचून दाखवी.

माझ्या वर्गात पुढे पुष्कळ पोरं आली. मी त्यांना जोड्यांनी बसवलं, गुरुवारची गस्त चालू ठेवली, मोहतमीमसाहेब यायच्या हंगामात थोडं ओरडूनही घेतलं. परीक्षांचे निकाल बरे लागत. पण एक गोष्ट परत तशी जमली नाही. धडा झाल्यावर मी विचारी, समजलं का? आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणे, समजलं. पहिला हात वर करणारा माणूस मला पुन्हा कोणी आणून दिला नाही. पोरांना मी तोंडाने पुष्कळ सांगितलं की लाजू नका, पण हे मास्तरने सांगून होत नाही, शेजारी बसलेल्या कोणीतरी करून दाखवावं लागतं. त्याची रुखरुख अजून आहे.

नामदेव बीडला गेला त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तो गावाकडे आला तसा थेट माझ्याकडे आला. उंच झाला होता.

“मास्तर, चाचाचं पत्र आलंय. चाचा पहिलीत बसलेत.”

“कुठल्या पहिलीत?”

“तेलुगूच्या. तिथली माणसं तक्रार सांगत्यात ती कळत न्हाई म्हणून. लोक दुभाषा ठेवा म्हणले तर चाचा म्हणाले, नको, मग तोच जमादार व्हईल.”

“बरं चाललंय ना?”

“चाललंय. फक्त तिथल्या मास्तरांनी इकडं विचारायला सांगितलंय, की ह्या माणसाला वर्गात गप कसं बसवायचं.”

मी म्हटलं, “लिहून कळव त्यांना, बसवू नका म्हणावं.”

नामदेव म्हणाला, “ते मी कालच लिहून टाकलं.”